रिमांडला उभं राहण्याआधी: क्रिमिनल साइडच्या नव्या वकिलांसाठी

क्रिमिनल साइडला आलेल्या ज्युनिअरला एकट्यानं उभं राहायची पहिली संधी बहुधा रिमांडलाच मिळते, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे मॅजिस्ट्रेट ठरवतात त्या सुनावणीत. सिनियर सेशन्सला अडकलेले असतात, किल्ला कोर्टातून नाहीतर वांद्र्याहून फोन येतो, 'आरोपीला आणलंय, लगेच ये', आणि आपल्या हातात वकीलपत्राच्या कोऱ्या फॉर्मपलीकडे काही नसतं. एफआयआरची प्रत मिळेलच याची खात्री नसते. तरीही त्या दहा मिनिटांत बरंच काही करता येतं. अटकेचा, झडतीचा, ताब्यात ठेवण्याचा पोलिसांचा अधिकार कायद्यानं दिला आहे आणि कायद्यानंच त्याला कुंपण घातलं आहे. ते कुंपण ओलांडलं गेलं की नाही, हे बहुतेक वेळा कागदांवरच्या वेळा पाहून कळतं. म्हणून मी आधी वेळा बघते, मग कलमं.

आकड्यांचा गोंधळ आधी मिटवून टाका. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण ज्या निकालांवर आपण उभे राहतो त्यांतले बहुतेक जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेवर, म्हणजे सीआरपीसीवर आहेत. जुनं 41-ए म्हणजे आता 35(3), जुनं 50 म्हणजे 47, 57 म्हणजे 58, 167 म्हणजे 187, 165 म्हणजे 185. एवढे पाच तरी दोन्ही आकड्यांनी तोंडावर असू द्या. कोर्ट जुनाच आकडा विचारतं आणि रिमांड अर्जात नवा असतो.

आता चोवीस तास. राज्यघटनेचं कलम 22(2) आणि संहितेचं कलम 58 सांगतं की अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, माणूस मॅजिस्ट्रेटसमोर आला पाहिजे. खरा प्रश्न असतो तो हे चोवीस तास कधी सुरू झाले हा. अटकेच्या फॉर्मवर रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं लिहिलेली असतात. कोर्टाच्या व्हरांड्यात डबा घेऊन उभी असलेली बहीण सांगते, 'काल संध्याकाळी साडेसातलाच नेलं हो त्याला, चहाच्या टपरीवरून. साहेब म्हणाले, फक्त चौकशीला.' अशा वेळी कितीही घाई असली तरी तिच्याजवळ थांबा. तिचा फोन बघा. साडेसातनंतर तिनं भावाला किती वेळा फोन लावला, तो बंद कधी झाला, पोलीस ठाण्यातून कोणत्या नंबरवरून उलट फोन आला, हे सगळं कॉल लॉगमध्ये असतं. टपरीच्या समोरच्या सोसायटीचा कॅमेरा कुठे आहे ते विचारा आणि लिहून घ्या.

या मुद्द्यावर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा 1990 सालचा अशाक हुसेन अल्ला देठा हा निकाल आहे. प्रकरण कस्टम्सचं होतं, पण तत्त्व सगळ्यांना लागू पडतं: माणसाचं स्वातंत्र्य प्रत्यक्षात काढून घेतलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकारी कागदावर जी वेळ टाकतो तेव्हा नव्हे. 'ताब्यात घेतलं होतं, अटक नंतर दाखवली' हे उत्तर त्यापुढे टिकत नाही. चौकशीसाठी माणसाला डांबून ठेवण्याचा असा वेगळा अधिकार कायद्यात नाही.

वेळेचा सगळ्यात भक्कम पुरावा मला अनेकदा हॉस्पिटलच्या केसपेपरवर मिळाला आहे. कलम 53 प्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करावी लागते. दक्षिण मुंबईतून जे.जे. किंवा जी.टी.ला नेतात, उपनगरांतून कूपर, राजावाडीला. त्या कागदावरची वेळ हॉस्पिटलच्या माणसानं टाकलेली असते, तपास अधिकाऱ्यानं नव्हे. केसपेपर रात्री साडेअकराचा आणि अटक दोनची, असं दिसलं की कोर्टाच्या नजरेला ते आणून द्या आणि रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या कामकाजाच्या कोर्टातल्या नोंदीत, ते लिहायची विनंती करा. तोंडी बोललेलं हवेत विरतं. रोजनाम्यात आलं की पुढे जामिनाच्या वेळी, उच्च न्यायालयातही, ते तुमच्या कामी येतं.

दुसरी गोष्ट अटकेच्या आधारांची. नव्या लोकांना इथेच सगळ्यात जास्त वाव आहे. घटनेचं कलम 22(1) आणि संहितेचं कलम 47 म्हणतं की अटक का केली हे आरोपीला सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं हे काम छापील फॉर्मवर 'पुढील तपासासाठी', 'पुरावा नष्ट करू नये म्हणून' एवढं लिहून उरकलं जायचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल प्रकरणात पीएमएलएखालच्या (मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालच्या) अटकेसाठी आधार लेखी द्यायला सांगितलं. मे 2024 मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात तेच यूएपीएला (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याला) लावलं आणि फरकही स्पष्ट केला: कुठल्याही आरोपीला चिकटवता येतील अशी ठरावीक कारणं वेगळी, आणि याच माणसाविरुद्ध काय आहे ते सांगणारे आधार वेगळे. फेब्रुवारी 2025 मध्ये विहान कुमार प्रकरणात सांगितलं की आधार कळवले नसतील तर अटकच बेकायदा ठरते. नोव्हेंबर 2025 मध्ये, वरळीच्या एका अपघाताच्या प्रकरणात, न्यायालय आणखी पुढे गेलं: गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, आधार लेखी द्यायचे, आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायचे, आणि लगेच देणं शक्यच नसेल तर रिमांडसाठी कोर्टात आणण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायचे.

मुंबईत 'आरोपीला कळणाऱ्या भाषेत' ही अट फार महत्त्वाची. आपल्याकडे कागद मराठीत होतात, आणि आरोपी बिहारचा, बंगालचा, तमिळनाडूचा असू शकतो. कागदाखाली त्याची सही असते. त्याला कागद दाखवा आणि शांतपणे विचारा, 'इसमें क्या लिखा है, बताओ.' तो गप्प राहिला तर तुमचा युक्तिवाद तयार आहे. एक लक्षात ठेवा, अटक बेकायदा ठरून माणूस सुटला तरी आधार नीट देऊन पोलीस पुन्हा कस्टडी मागू शकतात. घरच्यांना हे आधीच सांगा. नाहीतर त्यांचा विश्वास तुटतो.

अटकेच्या पंचनाम्यावर कलम 36 प्रमाणे घरातल्या कुणाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि आरोपीची प्रतिसही हवी. नातेवाईकाला कळवल्याची नोंद कलम 48 प्रमाणे ठाण्याच्या वहीत हवी. या तरतुदींचं मूळ 1994 चा जोगिंदर कुमार आणि 1997 चा डी. के. बसू या निकालांत आहे. दोन्ही मुळातून वाचा. रिमांडला उभं राहणाऱ्याला त्याहून चांगला पाठ नाही.

आरोपीशी बोलायला वेळ मागून घ्या. पैरवी अंमलदार, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारे पोलीस, सुरुवातीला 'आत्ता नाही' म्हणतील. वाद घालू नका. 'दोन मिनिटं, तुमच्या समोरच बोलते' म्हटलं की बहुतेक जण बोलू देतात. नाहीच दिलं तर कोर्टाकडून परवानगी घ्या. पहिला प्रश्न मारहाणीचा असावा. तो विचारताना पोलीस ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर असले पाहिजेत, कारण रात्री त्याला परत त्याच लॉकअपला जायचं असतं. तो जे सांगेल ते मॅजिस्ट्रेटना त्याच दिवशी सांगा, जखमा दाखवा, पुन्हा तपासणी मागा.

मारहाणीबद्दल आरोपीला कोर्टात विचारण्याची प्रथा याच शहरातून आली आहे. मे 1982 मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कैद्यांशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं. फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयानं स्त्रियांसाठी वेगळे लॉकअप, अटक झाली की लगेच विधिसाहाय्य समितीला कळवणं, सेशन्स न्यायाधीशांनी लॉकअपना अचानक भेटी देणं, असे आदेश दिले. आरोपीला आणल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात ना, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?', तो प्रश्न विचारण्याचा आदेशही याच निकालात आहे. तो घाईत उरकला जात असेल तर थांबवा आणि नीट विचारायची विनंती करा.

स्त्री आरोपी असेल तर कलम 43(5) बघा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. ती परवानगी कुठे आहे, एवढंच विचारा. अठरा वर्षांखालचा मुलगा असेल तर त्याची जागा लॉकअपमध्ये नाहीच, त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. वयाचा संशय आला तर शाळेचा दाखला घरून मागवा, त्याच दिवशी.

पुष्कळ वेळा माणसं अटकेआधीच आपल्याकडे येतात, हातात नोटीस घेऊन. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक का गरजेची आहे हे पोलिसांना कलम 35 मधल्या कारणांत बसवून लिहावं लागतं. गरज नसेल तर 35(3) ची नोटीस द्यावी लागते. 2014 च्या अर्नेश कुमार निकालानं हे बंधन पोलिसांवर आणि आंधळेपणानं रिमांड देणाऱ्या मॅजिस्ट्रेटवरही टाकलं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे. तरी अशिलाला 'व्हॉट्सॲपवर आली, जाऊ नकोस' असा सल्ला देऊ नका. लेखी उत्तर द्या, रीतसर नोटीस मागा, तारखेला हजर राहायची तयारी कळवा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना वेगळी कारणं नोंदवावी लागतात. साठीच्या वरच्या किंवा आजारी माणसाला, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, मुंबईत एसीपींच्या (सहायक पोलीस आयुक्तांच्या) पूर्वपरवानगीशिवाय अटक होत नाही. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर स्त्रिया, साठीवरचे पुरुष आणि पंधरा वर्षांखालची मुलं यांना कलम 179 प्रमाणे ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी जायचं.

आणि 'डिजिटल अरेस्ट' असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही. दादर-पार्ल्यातल्या आजी-आजोबांना हे सांगत राहणं हेही आपलं काम आहे.

झडतीत नव्या कायद्यानं आपल्या हातात एक चांगलं साधन दिलं आहे. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्ती, पंचनामा करण्यासकट, ऑडिओ-व्हिडिओवर रेकॉर्ड करावी लागते आणि ते रेकॉर्डिंग विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम 185 खाली कारणं आधी लिहायची, आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. रिमांडच्या दिवशी रेकॉर्डिंग बघायला मिळणार नाही, पण ते दाखल झालं का, हे त्या दिवशी विचारून ठेवा. पंच कोण ते वाचा. धारावीतल्या घराची झडती आणि दोन्ही पंच मीरा रोडचे, असं असेल तर कलम 103 मधले 'त्या परिसरातले' रहिवासी का मिळाले नाहीत, हा प्रश्न खटल्यात मोठा होतो. जप्तीच्या यादीची प्रत त्या घरात राहणाऱ्याला मिळाली का, तेही बघा.

एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, वेगळं आहे. अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे' हे आरोपीला सांगणं त्या कायद्याच्या कलम 50 प्रमाणे सक्तीचं आहे. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, हातातल्या पिशवीला तो लागू नाही. नाकाबंदीत उगाच कुणाचाही फोन उघडून चॅट वाचायचा सरसकट अधिकार मात्र मला कोणत्याही कलमात सापडलेला नाही. पोरांनी नम्रपणे 'कोणत्या कलमाखाली, साहेब?' विचारावं आणि धक्काबुक्की टाळावी, असंच मी सांगते.

प्रतिबंधक कारवाई हा निराळा प्रांत आहे. कलम 170 खालचं डांबणं चोवीस तासांचं, तडीपारी महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली, एमपीडीएची (धोकादायक गुन्हेगारांना खटल्याशिवाय डांबण्याच्या राज्याच्या कायद्याची) स्थानबद्धता आयुक्तांच्या आदेशानं. तिथे रिमांड कोर्टाचा उपयोग नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं आणि मुदती कडक असतात. सुरुवातीला अशी प्रकरणं सिनियरशिवाय घेऊ नका.

कस्टडीच्या दिवसांबद्दल घरच्यांना नीट समजावा. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. आता कलम 187 प्रमाणे ते पंधरा दिवस, गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली म्हणजे पीसीआर (पोलीस कोठडी) संपली असं समजू नका. साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसापर्यंत चार्जशीट आलं नाही तर डिफॉल्ट बेलचा हक्क तयार होतो. ती तारीख पहिल्याच दिवशी डायरीत टाका.

कोर्टातून निघण्याआधी दोन अर्ज करून टाका. पहिला, पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा, तारीख आणि वेळ घालून. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात ठाण्यांत कॅमेरे आणि रेकॉर्डिंग दीर्घकाळ साठवण्याचे आदेश दिले आहेत, त्यांचा उल्लेख करा. दुसरा, स्टेशन डायरीचा त्या वेळेचा उतारा जपण्याचा. अशिलाकडे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या रिमांड वकिलांची नावं कोर्टातच मिळतात, घरच्यांना त्यांच्याकडे स्वतः घेऊन जा. आणि डब्याचं विचारून घ्या. लॉकअपमध्ये घरचा डबा आणि औषधं द्यायची परवानगी कोर्टाकडून लगेच मागितली तर सहसा मिळते, आणि ती बहीण सकाळपासून तेवढ्यासाठीच उभी असते.