स्कियाथोसला कुकुनारीएस गाठायचंय? आधी बसचं बघा

ग्रीसच्या स्कियाथोस बेटावर एका दिवसात एकच किनारा करायचा असेल, तर कुकुनारीएस करा. गाडी भाड्याने घ्यायची मुळीच गरज नाही. गावातल्या बंदरावरून बस सुटते, दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याने जाते आणि थांब्यांना चक्क नंबर आहेत. शेवटचा, २६ नंबरचा थांबा म्हणजे कुकुनारीएस. जाताना डाव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे दिसतो. मधल्या थांब्यावर उभं राहाल तर जुलै-ऑगस्टमध्ये खचाखच भरलेली बस येईल. चढायचं ते पहिल्या थांब्यावरच. परतताना उलटं, २६ वरच चढलं की जागा मिळते.

पाइनचं बन वाळूच्या मागे आहे, अगदी पाण्याच्या कडेला नाही. म्हणजे फोटोत दिसते तेवढी सावली वाळूवर मिळत नाही. दुपारी छत्री भाड्याने घ्या, नाहीतर टोपी आणि भरपूर पाणी न्या. झाडाखाली बसणारच असाल तर जुनी चादर पसरा. वरून राळ टपकते, चिकट पिवळट थेंब कापडावरून निघता निघत नाहीत. आणि तिथे सिगारेट नकोच, उन्हाळ्यात हे बन कोरडंठाक असतं.

बनामागे स्ट्रोफिलिया नावाचं तळं आहे, तिकडे एक फेरी मारा. संध्याकाळी टेकडी ओलांडून बनाना बीचवर चालत जाता येतं. शेजारच्या छोट्या बनानावर मंडळी कपड्यांशिवाय पहुडलेली असतात, सोबत सासू-सासरे असतील तर आधीच माहीत असलेलं बरं.