वीस जणांना राजमाचीला चालत न्यायचं तर

पाऊस लागला की ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी "चला राजमाची" टाकतो, दोन मिनिटांत वीस अंगठे येतात, आणि नेणार कोण तर जो आधी एकदा जाऊन आलाय तो, म्हणजे तुम्ही.

लोणावळ्यातून तुंगार्लीवरून उधेवाडीपर्यंत, म्हणजे राजमाची किल्ल्याखालच्या गावापर्यंत, साधारण 15-16 किलोमीटर, चढ फारसा नाही, म्हणून सगळे याला सोपा म्हणतात आणि तिथेच फसतात. एकटा माणूस सपाटीला तासाला 5 किलोमीटर चालतो हो, पण वीस जण चिखलात 3 च्या वर जात नाहीत. पाच तास चालणं आणि दीड तास फोटो, चहा, ओढ्यात खेळणं, एवढं धराच. सकाळची लोकल पकडून आठला लोणावळा सोडलं तर अडीचला पिठलं-भाकरी. जेवण गावात आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि नक्की आकडा सांगा, "पंधरा-वीस" नको, काकूंना तेवढ्या भाकऱ्या थापायच्या असतात.

आठवडाभर आधी दोघं जण वाट बघून या, पाठ असली तरी. ओढ्यांना पाणी किती, रेंज कुठे जाते, एवढंच बघायचं.

चालताना पुढे एक, मागे एक, आणि मागचा जास्त अनुभवी हवा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला मात्र मागे टाकू नका, पुढच्याच्या लगेच पाठी ठेवा. मागे राहिला की तो बिचारा धापा टाकत पोचतो तोवर बाकीच्यांची विश्रांती झालेली असते आणि सगळे "चला" म्हणून उठतात, त्याला बसायलाच मिळत नाही.

प्रत्येक फाट्यावर डोकी मोजायची. मी एकदा तीनदा मोजून एकोणीसच भरले म्हणून सगळ्यांना वीस मिनिटं पावसात उभं केलं होतं, मग एकजण म्हणाला, दादा स्वतःला मोजलं का? (ती दहा मूर्खांची गोष्ट लहानपणी ऐकून काय उपयोग.) तेव्हापासून प्रत्येकाला नंबर देतो, ओरडून सांगायचा.

बॅगेत इलेक्ट्रॉल, क्रेप बँडेज, टॉर्च हे आलंच, पण सुतळी विसरू नका. कपाटात दोन वर्षं पडलेले बूट कोणीतरी घालून येतोच आणि पहिल्या ओढ्यानंतर सोल जिभेसारखा लोंबायला लागतो, मग बोटांकडून दोन आणि टाचेकडून दोन वेढे आवळून बांधायचा, गाव गाठेपर्यंत टिकतो.

ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा अचानक गढूळ होऊन पाला-काटक्या यायला लागल्या तर वर जोरात पडलाय समजा. थांबा, नाहीतर परत फिरा, कोणी कितीही नाकं मुरडू दे.

जेवणानंतर श्रीवर्धन किंवा मनरंजन, दोन्हीपैकी एकच बालेकिल्ला. कोंढाणे लेणी बघत कोंदिवड्याला उतरू असं कोणीतरी म्हणणारच, पण भर पावसात ती उतरण निसरडी असते, नवखे सोबत असतील तर सरळ नाही म्हणा. परतीची जीप आधीच ठरवून ठेवा, पाचला निघायचं. आणि जीपचे पैसे सकाळी स्टेशनवरच गोळा करा, घरी पोचल्यावर निम्म्या लोकांचं नेट बंद पडतं.