पोट बंद करताना शीथचे छोटे टाके कसे घ्यावेत

पोटाचं मोठं ऑपरेशन संपत आलं की शीथ, म्हणजे पोटाच्या भिंतीतला मजबूत पांढरा पडदा, शिवायचं काम बहुधा रेसिडेंटच्या (शिकाऊ सर्जनच्या) हातात येतं. सगळे दमलेले असतात, पुढची केस बाहेर थांबलेली असते. पण पेशंटला पुढे हर्निया होणार का, हे बरंचसं याच दहा-पंधरा मिनिटांत ठरतं. रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठ रुग्णालयाच्या पुढाकाराने नेदरलँड्समधल्या 10 रुग्णालयांत 560 पेशंटवर छोट्या आणि मोठ्या टाक्यांची तुलना करणारी स्टिच ट्रायल झाली. 2015 मध्ये तिचे निष्कर्ष आले: वर्षभरात मोठ्या टाक्यांच्या गटात 21 टक्के पेशंटना इन्सिजनल हर्निया (ऑपरेशनच्या जखमेतून होणारा हर्निया), छोट्या टाक्यांच्या गटात 13 टक्के. शिवायला सरासरी चार मिनिटं जास्त लागली, एवढंच. मात्र हे आकडे ठरवून केलेल्या मिडलाइन (पोटाच्या मधोमध उभा छेद घेतलेल्या) ऑपरेशनचे आहेत. पेरिटोनायटिसच्या (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आल्याच्या) इमर्जन्सीला जसेच्या तसे लावू नका.

मॉप (ऑपरेशनमधले कापडी बोळे) आणि इन्स्ट्रुमेंट काउंट जुळल्याचं सिस्टरकडून ऐकल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. आतडी ओल्या मॉपखाली झाका. शीथची कड चरबीपासून तेवढीच मोकळी करा, की पांढरी रेघ स्पष्ट दिसेल. 2-0 जाडीच्या पीडीएसचे (हळूहळू विरघळणाऱ्या धाग्याचे) दोन धागे, 31 मिमीची सुई. एक धागा जखमेच्या वरच्या टोकापासून, दुसरा खालच्या टोकापासून, मध्ये निदान 2 सेंमी एकमेकांवर.

टाका कडेपासून 5 मिमीवर, पुढचा 5 मिमी अंतरावर. सुईत फक्त शीथ यायला हवी. चरबी किंवा स्नायू आला तर सुई काढून पुन्हा घ्या. तो मऊ भाग धाग्याखाली दबतो, कापला जातो, मग धागा सैल पडतो आणि कडा सुटतात. कडा जेमतेम भेटतील इतकंच ओढा. करकचून आवळलेली शीथ पांढरी पडते आणि धागा तिला कापत जातो. धागा फोर्सेप्सने किंवा नीडल होल्डरने धरू नका, चिरडलेला पीडीएस तिथेच तुटतो. असिस्टंटने ताण सारखा ठेवावा.

शेवटी मोजा. शीथची जखम 18 सेंमी, दोन्ही धागे मिळून 150, कापून उरलेले तुकडे 66, म्हणजे 84 सेंमी वापरले. 84 भागिले 18, साधारण 4.7. हे गुणोत्तर 4 च्या खाली नको. खाली आलं तर टाके विरळ आहेत किंवा फार आवळलेत. पण 1 सेंमीच्या मोठ्या टाक्यांनीही 4 गाठता येतं, म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. टाके मोजा: 18 सेंमीला 36 तरी हवेत. सरावासाठी जाड फोमवर 10 सेंमीचा काप घ्या. 20 टाके, 40 सेंमी धागा.

जखमेची लांबी, वापरलेला धागा, टाक्यांची संख्या आणि कोणी शिवलं, हे ऑपरेशन नोटमध्ये लिहा. नंतर थीसिससाठी फायली उघडल्यावर नेमक्या याच चार नोंदी सापडत नाहीत.

वॉर्डमध्ये पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्याने भिजलं, तर शीथ सुटल्याचं धरून चाला. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. सलाइनमध्ये भिजवलेल्या निर्जंतुक मॉपने झाका, तोंडाने काही देऊ नका आणि सीनियरला लगेच बोलवा.