ऑपरेशनच्या सकाळी पेजसुद्धा नको

लहान मुलाचं हर्नियाचं किंवा टॉन्सिलचं ऑपरेशन असेल, तर भूल देताना पोट रिकामं हवं; नाहीतर उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांनाच विचारा. आपली सकाळची पेज कितीही पातळ केली तरी ती अन्नच. आजीला हे आदल्या रात्रीच समजावा, उपाशी नातवंड बघून तिला राहवत नाही. कुडाळ-सावंतवाडीहून घाट चढून कोल्हापूरला जायचं असेल, तर आदल्या दिवशीच पोचा, विशेषतः पावसाळ्यात. पोराला सर्दी-ताप असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तारीख पुढे गेली तरी चालेल.