फोनवरून आहारसल्ला देताना या चुका टाळा

मधुमेहाच्या रुग्णाला फोनवरून दिलेला आहारसल्ला फसतो तो बहुधा विचारपूस अपुरी राहिल्यामुळे. ‘पथ्य पाळता ना?’ असे विचारले की ‘हो, अगदी’ हेच उत्तर येते. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेले हे क्रमाने विचारावे आणि चहाची चौकशी वेगळी करावी, कारण चहाला कोणी खाण्यात धरत नाही. दिवसाला ५ कप आणि प्रत्येक कपात २ चमचे म्हटले, तरी १० चमचे साखर हिशेबाबाहेर राहते.

‘दोन भाकरी’ ऐकून आकडा लिहून मोकळे होऊ नये. किती पिठाच्या किती भाकरी झाल्या हे विचारावे आणि तेही स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच. फोन मुलाच्या हातात, पथ्य वडिलांचे आणि स्वयंपाक सुनेकडे, असे असेल तर तिघांनाही स्पीकरवर घ्यावे. ताटाचा फोटो मागवताना शेजारी चहाचा चमचा ठेवायला सांगावा, नाहीतर वाटी केवढी आहे हे कळत नाही. तेलाचे रोजचे चमचे विचारण्यात तर काहीच अर्थ नसतो; त्याऐवजी तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते विचारावे. चार माणसांच्या घरात ५ लिटरचा डबा महिनाभर पुरत असेल, तर दरडोई रोज सुमारे ४० मिली तेल होते.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे औषधे न विचारता जेवण कमी करायला सांगणे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना रुग्णाने एकादशीला निर्जळी उपास केला, किंवा तुमच्या सांगण्यावरून रात्रीचे जेवण सोडले, तर रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलीग्रॅमच्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, उतरू शकते. फोनवर बोलताना घाम, थरथर किंवा बोलण्यात गोंधळ अशी साखर उतरल्याची लक्षणे जाणवली, तर आहाराचा विषय तिथेच थांबवावा. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ३ ते ४ छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायला सांगावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायला लावावे. शुद्ध हरपत असल्यास तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करायला सांगावे. औषधाचा डोस बदलणे मात्र डॉक्टरांवरच सोडावे.

रेंज जाऊन निम्मे बोलणे तुटले, तरी रुग्ण भिडेखातर ‘कळलं’ म्हणतो. म्हणून ठरलेले बदल त्याच्याच तोंडून वदवून घ्यावेत, लांबलचक छापील तक्त्याऐवजी छोटा आवाजी संदेश पाठवावा आणि पुढच्या फोनपूर्वीच्या तीन दिवसांची उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर लिहून ठेवायला सांगावी.