गिटारचा अ‍ॅम्प घेताय? या चुका टाळा

माझा पहिला अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, मी वॅट बघून घेतला. १०० वॅट! दोन खोल्यांच्या घरात त्याचा व्हॉल्यूम कधी एकच्या पुढे गेला नाही. गेला की वरच्या काकू खाली.

वॅटचं गणित फसवं असतं. पॉवर दुप्पट केली तरी वाढतात जेमतेम ३ डेसिबल. १० वॅटच्या जागी १०० घेतले तर आवाज कानाला दहापट नाही, साधारण दुप्पट वाटतो. घरच्या सरावाला १०-२० वॅटचा साधा सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) अ‍ॅम्प भरपूर झाला. ड्रमरसोबत वाजवायचं असेल तर वेगळी गोष्ट, पण तिथेही ३० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) सहसा पुरतो.

दुसरं, पिकअपवाली (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग बसवलेली) अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पला लावू नका. त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं देतच नाही, आणि तारांची सगळी चकाकी तिथेच असते. सूर सर्दी झाल्यासारखा येतो.

अमेरिकेहून कुणी अ‍ॅम्प आणून देत असेल तर मागची पाटी वाचा. माझ्या मामेभावाने आणलेला १२० व्होल्टचा होता. मी पिनेला अडॅप्टर लावला आणि खुशाल आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात खुपसला. फट्ट! मग जळका वास. अडॅप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्ट नाही. त्याला व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

नवा अ‍ॅम्प घूंऽऽ करतो म्हणून लगेच परत करायला धावू नका. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. तरीही घूं चालूच असेल तर अ‍ॅम्प, केबल किंवा घरचं अर्थिंग तपासा. थांबली, तर गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी गोल फिरा. दिशेप्रमाणे कमीजास्त होत असेल तर पिकअप जवळच्या चार्जरची किंवा ट्यूबलाइटच्या चोकची घरघर ओढतोय. अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. तुमच्या बोटांखालच्या तारा थेट अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे बिघाड झाला तर झटका तुम्हालाच.

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आणि दुकानात आपली गिटार न्या. विक्रेता व्हॉल्यूम वाढवून दाखवेल, तेव्हा सगळेच अ‍ॅम्प झकास वाटतात. त्याला म्हणा, दादा, आता रात्री अकराला घरी वाजवतो तेवढा करा.