गोट्यांत पाय रुतला पाहिजे

सिव्हिल करून ट्रान्सपोर्टेशनकडे वळणाऱ्यांना वाटतं, बेलापूरच्या एसीत बसून सॉफ्टवेअर चालवायचं. मलाही तसंच वाटलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात दादरहून पनवेल आणि तिथून थेट घाटातली साइट! ब्रेक फेल झालेल्या ट्रकसाठी आम्ही एस्केप रॅम्प बांधत होतो. उतारावर रस्त्याला फुटणारी एक मार्गिका आणि पुढे सुट्या दगडांचा मीटरभर जाड थर. चाकं रुततात, गाडी थांबते.

दगड कसले ते न सांगता ड्रॉइंगवर मी नुसतं 'अ‍ॅग्रिगेट' लिहिलं होतं. सप्लायरनं क्वारीतली फोडलेली खडी आणून ओतली. सीनिअर तिच्यावर उभे राहिले, बूट वरच. मग नदीतल्या गोट्यांच्या नमुन्याच्या ढिगावर चढले, तर घोट्यापर्यंत आत. "आता हिशेब कर."

ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा, त्याला 254 गुणिले रोलिंग रेझिस्टन्सनं, म्हणजे थर चाकाला किती अडवतो त्या आकड्यानं, भागायचं; गाडी किती मीटरवर थांबेल ते मिळतं. बारीक गोल गोट्यांसाठी हा आकडा 0.25 धरतात, फोडलेल्या सुट्या खडीसाठी 0.05. ताशी 100 नं घुसलेला ट्रक सपाट थरात गोट्यांत 157 मीटरवर थांबतो, खडीत 787 वर. आमच्याकडे जागाच 150 मीटर. मग गोटे टाकले आणि रॅम्पला 10 टक्के चढ दिला, म्हणजे 0.25 मध्ये 0.10 ची भर, तेव्हा 112 वर आलो. खडीचे कोपरे एकमेकांत अडकून बसतात, गोटे चाकाखालून सरकतात, एवढाच काय तो फरक.

घाटातला पाऊस मात्र कुठल्याच सूत्रात नसतो. गाळ शिरला की तोच थर रस्त्यासारखा घट्ट. म्हणून खाली निचरा हवा आणि दरवर्षी थर उकरायला हवा. मुलाखतीत हे विचारत नाहीत, विचारायला हवं.

क्रॅश बॅरिअरसाठी, म्हणजे रस्त्याकडेच्या कठड्यांसाठी, आयआरसी 119 ही इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका वाचा. पत्र्यांचा ओव्हरलॅप वाहतुकीच्या दिशेनंच हवा, नाहीतर उघडी कड गाडीत घुसते.

आणि कळंबोलीला ट्रकवाल्यांसोबत चहा प्या. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेकचे लायनर तापतात, हे मला तिथेच कळलं. एकानं विचारलं, "मॅडम, त्या दगडांत गाडी घातली तर बाहेर कोण काढणार? क्रेनचं भाडं मालक माझ्या पगारातून कापेल."

रॅम्पलगत क्रेनसाठी पक्की मार्गिका आणि दोर बांधायला काँक्रीटचा खुंट आमच्या ड्रॉइंगवर आला तो त्यानंतर.